निकेलचं संकुल तापवलं की चुंबकत्व वाढतंय. चुकतंय कुठे?

ओलागाळ

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

प्रोजेक्टसाठी निकेलची शिफ बेस संकुलं करतेय (मध्ये धातू, भोवती त्याला धरणारे रेणू म्हणजे लिगंड; इथे लिगंड अल्डिहाइड आणि अमाइन जोडून केलेला). सॅलिसिलाल्डिहाइड आणि आयसोप्रोपाइल अमाइन इथेनॉलमध्ये एकत्र केलं, दोन मिनिटांत द्रावण पिवळंधमक झालं. त्यात निकेल अ‍ॅसिटेट टेट्राहायड्रेटचं गरम द्रावण ओतलं (एका निकेलला दोन लिगंड), चिमूटभर सोडियम अ‍ॅसिटेट, आणि तासभर रिफ्लक्स. थंड झाल्यावर गडद, जवळजवळ काळे दिसणारे स्फटिक पडले. चुरडले की हिरवट दिसतात. क्लोरोफॉर्म आणि पेट्रोलियम ईथरमधून पुन्हा स्फटिकं घेतली, डेसिकेटरमध्ये वाळवली. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं विश्लेषण जुळतंय.

घन नमुन्याचं चुंबकीय मोमेंट (म्यू) गुय तराजूवर, म्हणजे चुंबकापाशी नमुन्याचं वजन किती बदलतं ते मोजणाऱ्या तराजूवर, ३.३ बोर मॅग्नेटॉन आलं. चतुष्फलकीय निकेल म्हणून मी खूश. मग हौसेने डॉयटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये एनएमआरवर इव्हान्स पद्धतीने (द्रावणामुळे शिखर किती सरकतं त्यावरून) मोजलं:

उणे २० अंश सेल्सिअस: १.९८
२५ अंश: २.८१
५० अंश: ३.१४

२५ अंशांचा आकडा पाहून वाटलं, दोन सुटे इलेक्ट्रॉन, नुसत्या स्पिनची (स्पिन-ओन्ली) किंमत २.८३, झकास. पण मग तापमानाबरोबर म्यू बदलतंय कशाला? क्युरीचा नियम पाळणाऱ्या पदार्थात तापमानाबरोबर काय (χ, म्हणजे ससेप्टिबिलिटी, पदार्थ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते माप) कमी-जास्त होईल, म्यू जागच्या जागी राहायला हवं ना? गाईड म्हणतात नमुना खराब आहे, पुन्हा कर. तीनदा केलाय. तिन्ही वेळा आकडे तेच.

कंपासपेटी

थंड केलं की म्यू पडतंय म्हणजे शेजारच्या निकेलांचे स्पिन एकमेकांविरुद्ध जुळताहेत. अँटिफेरोमॅग्नेटिक कपलिंग. फिनॉलचा ऑक्सिजन दोन निकेलांमध्ये पूल बांधायला एका पायावर तयार असतो. द्रावणात डायमर, म्हणजे दोन रेणूंची जोडी, झाला असणार.

गाळणीकागद

कंपासपेटी, थांबा जरा. डायमर असेल तर द्रावण पातळ केल्यावर तो सुटेल आणि आकडा बदलेल. ओलागाळ, तीव्रता निम्मी करून पाहिलीत का?

आणि गाईडचं मत लगेच धुडकावू नका. आयसोप्रोपाइल अमाइन ३२-३३ अंशांना उकळतं. बाटली थंड न करता उघडली, किंवा आधी गरम करून मग अमाइन घातलं, की निम्मं हवेत जातं आणि न जुळलेलं सॅलिसिलाल्डिहाइड निकेलला जाऊन बसतं. ते संकुल दोन पाणी धरून ठेवतं, अष्टफलकीय असतं, आणि तेही पॅरामॅग्नेटिक, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन असलेलं. थोडीशी भेसळ विश्लेषणात सहज लपून जाते. आयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) ३४०० च्या आसपास पाण्याचा रुंद पट्टा दिसतो का ते बघा.

ओलागाळ

बाटली बर्फात ठेवूनच उघडली होती. पहिल्या वेळी नव्हती ठेवली, तेव्हा अख्खी खोली माशांच्या वासाने भरली, तिथेच शिकले. आयआरमध्ये ३४०० ला काही नाही, अ‍ॅल्डिहाइडचा कार्बोनिलही नाही. पातळ करून उद्या मोजते.

गुयतराजू

दोन प्रश्न विचारतो, मग बाकीचं बोलू. एनएमआर कुठल्या चुंबकाचा आहे? आणि सूत्र कुठलं वापरलंत?

ओलागाळ

चुंबक सुपरकंडक्टिंगच, ४०० मेगाहर्ट्‌झ. सूत्र यंत्राशेजारी चिकटवलेल्या कागदावरचं: तीन गुणिले डेल्टा-एफ (शिखराचं सरकणं), भागिले दोन पाय (२π) गुणिले एफ (यंत्राची वारंवारता) गुणिले तीव्रता.

गुयतराजू

वाटलंच होतं. त्या कागदावर खाली दोन पाय नाही, चार पाय हवंय.

इव्हान्सने ही पद्धत १९५९ साली मांडली, तेव्हाच्या यंत्रांत लोखंडी गाभ्याचे इलेक्ट्रोमॅग्नेट असत. चुंबकीय क्षेत्र आडवं, नळी उभी. लांबट नळी क्षेत्राला आडवी असली की आतल्या द्रावणामुळे शिखर जितकं सरकतं, त्याच्या दुप्पट ते नळी क्षेत्राच्याच दिशेने असताना सरकतं. सुपरकंडक्टिंग चुंबकात क्षेत्र नळीच्या अक्षातूनच जातं. म्हणजे सरकणं दुप्पट, आणि भागायचं मात्र जुन्याच आकड्याने. ससेप्टिबिलिटी दुप्पट येते, तिच्या वर्गमुळात बसलेलं म्यू १.४१ पटीने फुगतं. जुन्या पुस्तकातलं सूत्र नव्या यंत्रावर लावून किती प्रबंध पुढे गेले असतील याची गणती नको.

आणि डायमॅग्नेटिक दुरुस्ती, म्हणजे जोडीतल्या इलेक्ट्रॉनांच्या दुबळ्या, उलट्या चुंबकत्वाची भरपाई, केली होती का?

ओलागाळ

घन नमुन्याला केली होती. द्रावणाला... नाही. म्हटलं छोटीशी असते.

गुयतराजू

छोटी कुणासाठी? तुमच्या रेणूचं वजन ३८३. पास्कलचे स्थिरांक मांडून न बसता ढोबळ हिशेब करायचा तर वजनाच्या निम्मं, म्हणजे उणे १९२ गुणिले दहाचा उणे सहावा घात. पॅरामॅग्नेटिक भाग भरपूर असेल तर हे नजरेआड करता येतं. तुमचा आकडा सूत्र सुधारल्यावर निम्म्यावर येणार आहे. तिथे ही दुरुस्ती दहा टक्क्यांच्या घरात जाईल, थंडीत त्याहून जास्त. पुन्हा मांडा.

ओलागाळ

मांडलं. हसू नका:

उणे २० अंश: १.५३
२५ अंश: २.१०
५० अंश: २.३३

आता तर काहीच लागत नाही. दोन सुटे इलेक्ट्रॉन असले तर २.८३ च्या खाली यायलाच नको, आणि एकही नसला तर शून्य. २.१ म्हणजे काय? आधीचा चुकीचा आकडा निदान शहाण्यासारखा दिसत होता!

प्रतलभंग

शहाण्यासारखा दिसत होता हीच पंचाईत. २.८१ नेमकं २.८३ च्या शेजारी येऊन बसलं म्हणून कुणी संशय घेतला नाही. एरवीसुद्धा निकेलच्या बाबतीत हुबेहूब २.८३ आलं की मी आधी सूत्र तपासतो. अष्टफलकीय निकेल सहसा २.९ ते ३.४ च्या दरम्यान असतं, कारण स्पिन-ऑर्बिट कपलिंग वरून थोडी भर घालतं. पाण्याच्या षट्‌संकुलात लिगंड क्षेत्र ८५०० वेव्हनंबर (ऊर्जेचं एकक, दर सेंटिमीटर) आणि कपलिंगचा स्थिरांक उणे ३१५ धरला, तर हिशेबाने ३.२५ येतं. चतुष्फलकीय त्याच्याही वर, साधारण ३.५ ते ४.२, कारण तिथे तळाच्या पातळीतच कक्षीय चुंबकत्व शिल्लक असतं. तुमचं ३.३ त्यामानाने कमी आहे, पण दोन नायट्रोजन-दोन ऑक्सिजनच्या वाकड्या चतुष्फलकात ते कक्षीय चुंबकत्व बरंचसं दबतं. तेव्हा घन नमुन्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता २.१ कडे या. तुमच्या नळीत एक पदार्थ नाही, दोन आहेत. एकाच रेणूचे दोन आकार: पिळलेला चतुष्फलकीय, दोन सुटे इलेक्ट्रॉनवाला, आणि सपाट चौरसाकृती, एकही सुटा नसलेला. दोन्ही सतत एकमेकांत बदलताहेत आणि यंत्राला दिसते ती सरासरी. सरासरी ससेप्टिबिलिटीची होते, म्यूची नाही, म्हणून गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा. २.१० भागिले ३.३, त्याचा वर्ग, ०.४०. म्हणजे २५ अंशांना शंभरातले चाळीस रेणू पिळलेले. उणे २० ला २१ किंवा २२. ५० अंशांना निम्मे-निम्मे.

तापवलं की पिळलेले वाढतात, म्हणून म्यू वाढतं. कपलिंग नाही, भेसळ नाही, नमुना नासलेलाही नाही. तीनदा तोच आकडा आला म्हणजे तुमचा हात चांगला आहे.

उगाचवाचक

माझं रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलं, पण धागा सोडवत नाहीये. अणू तेच, बंध तेवढेच. नुसता आकार बदलला तर चुंबकत्व अख्खं गायब कसं होतं?

प्रतलभंग

उत्तम प्रश्न. निकेल टू-प्लसकडे पाच डी-कक्षकांत आठ इलेक्ट्रॉन असतात. मोकळ्या आयनात पाचही कक्षक एकाच उंचीवर. लिगंड जवळ आले की जो कक्षक त्यांच्या रोखाने असतो त्याला धक्का बसतो आणि तो वर जातो.

सहा लिगंड सहा दिशांनी आले की दोन कक्षक वर, तीन खाली. खालच्या तिघांत सहा इलेक्ट्रॉन मावतात, उरलेले दोन वरच्या दोघांत एकेक. दोन सुटे. चार लिगंड चतुष्फलकात आले की उलटं: दोन खाली, तीन वर. खाली चार मावले, वर तिघांत चार, म्हणजे एक जोडी आणि दोन सुटे. इथपर्यंत चुंबकत्व दोन्हीकडे.

आता चारही लिगंड एकाच सपाटीवर, चौरसाच्या कोपऱ्यांवर आणा. एकच कक्षक असा आहे ज्याचे चारही पंख नेमके त्या कोपऱ्यांकडे रोखलेले. तो बिचारा एकटा फार उंच फेकला जातो, बाकीचे चार खाली राहतात. चारांत आठ इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बसतात. जोडी लावायला ऊर्जा मोजावी लागते, पण त्या उंच कक्षकावर चढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. सुटा कुणीच नाही, चुंबकत्व संपलं.

सायनाइडसारखा जोरकस लिगंड असला तर प्रश्नच मिटतो: टेट्रासायनोनिकेलेट पिवळं, सपाट आणि पक्कं डायमॅग्नेटिक. क्लोराइड दुबळा, त्याचं टेट्राक्लोरो संकुल निळं, चतुष्फलकीय. ओलागाळ यांचा लिगंड मधोमध कुंपणावर बसलाय.

गाळणीकागद

त्या कुंपणावर कोण कसं बसतं ही याच मालिकेतली मजा आहे. नायट्रोजनवर साधी सरळ साखळी असली, प्रोपाइल किंवा ब्यूटाइल, तर रेणू सपाट बसतो, घन अवस्थेत डायमॅग्नेटिक. आयसोप्रोपाइलसारखा फाटा फुटलेला गट लावला की त्याचं कोपर समोरच्या लिगंडच्या ऑक्सिजनला लागतं आणि दोन लिगंडांची प्रतलं एकमेकांशी पिळली जातात. टर्शरी ब्यूटाइल लावा, द्रावणातसुद्धा जवळजवळ सगळे पिळलेलेच राहतात. एका मिथाइलच्या कमी-जास्तीवर चुंबकत्व! १९६० च्या दशकात हॉल्म, साकोनी वगैरे मंडळींनी हेच सगळं तपशिलाने मोजून काढलं होतं. म्हणजे ओलागाळ, तुम्ही भूत पाहिलेलं नाही. कंपासपेटी यांच्या डायमरलाही अगदीच हसू नका: मिथाइलवालं संकुल द्रावणात खरोखर एकमेकांना चिकटतं आणि त्यापायी थोडं पॅरामॅग्नेटिक होतं. म्हणून पातळ करून बघाच.

शंकासुर

पटत नाही. दोन प्रकारचे रेणू असतील तर एनएमआरमध्ये शिखरांचे दोन संच दिसायला हवेत. ओलागाळ यांना एकच संच दिसत असणार, नाहीतर त्यांनी सांगितलं असतं.

ओलागाळ

एकच संच आहे, बरोबर. पण जागा भलत्याच आहेत. एक शिखर शून्याच्या पलीकडे उण्यात गेलंय, काही २० च्या पुढे. आणि तापमान बदललं की सगळी सरकतात.

प्रतलभंग

शंकासुर, दोन संच दिसायला रेणूंनी एका आकारात पुरेसा वेळ थांबावं लागतं. हे रेणू एनएमआरच्या घड्याळापेक्षा कितीतरी वेगाने आकार बदलतात, त्यामुळे एकच सरासरी शिखर मिळतं. त्याची जागा पिळलेल्यांच्या टक्केवारीवर ठरते. शिखरं भलतीकडे जातात कारण सुट्या इलेक्ट्रॉनचा थोडा अंश लिगंडच्या वलयावर पसरतो. चतुष्फलकीय निकेलच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन इतक्या चटकन विसावतो की शिखरं वाचण्याइतकी बारीक राहतात. हे निकेलचं सौजन्य समजा. इतर काही पॅरामॅग्नेटिक धातूंच्या स्पेक्ट्रमात नुसते डोंगर दिसतात.

वेगळा पुरावा हवा असेल तर निअर-इन्फ्रारेड घ्या. सपाट डायमॅग्नेटिक निकेल १०००० वेव्हनंबरच्या खाली डी-डी पट्टा देतच नाही. चतुष्फलकीय देतो, ७००० च्या आसपास. पट्टा दिसला आणि तापवल्यावर वाढला, की वाद मिटला. द्रावक डॉयटेरेटेडच ठेवा, साध्या क्लोरोफॉर्मच्या सी-एच बंधाचे पट्टे त्या भागात लुडबुडतात.

गुयतराजू

दोन आकारांच्या गोष्टीवरून आठवण निघाली. १९४० च्या सुमारास लिफशिट्‌झने स्टिलबीनडायअमाइनची निकेल क्षारं केली. तेच धातू, तोच अमाइन, आणि काही क्षार पिवळे-डायमॅग्नेटिक, काही निळे-पॅरामॅग्नेटिक. अ‍ॅनायन बदला, द्रावक बदला, रंग पलटतो. पुढे उलगडा झाला: दोन डायअमाइन सपाट बसतात ते पिवळं, त्या चौरसाच्या वर आणि खाली अ‍ॅनायन किंवा द्रावकाचा रेणू येऊन बसला की अष्टफलक पुरा होतो आणि ते निळं. आजही क्रिस्टल फील्ड शिकवायला याच्यासारखं उदाहरण नाही.

फॉस्फीनवाल्यांकडे तर त्याहून नवल आहे. ट्रायफेनिलफॉस्फीनचं निकेल डायक्लोराइड निळं, चतुष्फलकीय. ट्रायअल्किल फॉस्फीन घ्या, लाल, सपाट. आणि मधला बेंझिलडायफेनिलफॉस्फीन, ब्रोमाइडबरोबर: त्याच्या हिरव्या स्फटिकात दोन्ही आकार एकत्र नांदतात, एका सपाट रेणूमागे दोन चतुष्फलकीय. एकाच स्फटिकात, एकमेकांना खेटून. क्ष-किरणांनी हे १९६३ मध्ये दाखवलं. असा नमुना तराजूवर टाकला असता तर तुमच्यासारखाच 'कशातच न बसणारा' आकडा आला असता.

उगाचवाचक

म्हणजे रंग बघूनच आकार सांगता येतो की! हिरवं म्हणजे अष्टफलकीय, निळं म्हणजे चतुष्फलकीय, लाल-पिवळं म्हणजे सपाट. तराजू हवाय कशाला?

गाळणीकागद

पहिला अंदाज बांधायला ठीक, त्यापुढे फसवणूक. अमोनियाचं षट्‌संकुल अष्टफलकीय आहे आणि जांभळट-निळं दिसतं. निकेलच्या हिरव्या पाण्यात इथिलीनडायअमाइन एकेक वाटा घालत जा: हिरवं, निळसर, निळं, शेवटी जांभळं. आकार पहिल्यापासून शेवटपर्यंत अष्टफलकच, फक्त लिगंडचा जोर वाढत गेला. आणि ओलागाळ यांचं संकुल बघा, हिरवट आणि तरी अष्टफलकीय नाही.

बाटलीवरच्या लेबलवरही जाऊ नये. 'निकेल क्लोराइड हेक्झाहायड्रेट' वाचून वाटतं सहा पाणी निकेलभोवती असतील. स्फटिकात निकेलला चारच पाणी आहेत आणि समोरासमोर दोन क्लोराइड. उरलेलं दोन पाणी नुसतं जाळीत अडकून आहे.

निकेल अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेटचंही तसंच. सूत्र पाहून कुणालाही वाटेल दोन लिगंड, चार ऑक्सिजन, सपाट. पूर्ण कोरडं केलेलं हिरवं आणि पॅरामॅग्नेटिक निघतं, कारण तीन रेणू ऑक्सिजन वाटून घेतात आणि तिन्ही निकेल सहा-सहा ऑक्सिजनांत बसतात. लिगंडच्या दोन्ही टोकांना टर्शरी ब्यूटाइल लावून वाटणी बंद पाडली की तेच संकुल एकेकटं, लाल, डायमॅग्नेटिक. कोपरांचा प्रश्न पुन्हा तिथेही.

कंपासपेटी

मी पहिल्याच प्रतिसादात तोंडावर आपटलो, मान्य. पण त्या अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेटच्या तिकडीवरून माझा विषय आलाच आहे तर बोलून घेतो. त्या तिकडीत शेजारी-शेजारी निकेलांचे स्पिन एकाच दिशेने जुळतात आणि दोन टोकांचे मात्र एकमेकांविरुद्ध, कमी जोराने. एकाच रेणूत दोन्ही.

हे ठरतं मुख्यतः पुलाच्या कोनावर. निकेल-ऑक्सिजन-निकेल कोन ९० च्या जवळ असला तर एकीकडचा सुटा इलेक्ट्रॉन ज्या कक्षकातून पुलावर येतो तो दुसरीकडच्याला काटकोनात असतो, एकमेकांत मिसळत नाहीत, आणि स्पिन समांतर राहतात. कोन उघडत गेला की मिसळ वाढते आणि स्पिन उलटे होतात. निकेल-ऑक्सिजनच्या घनाकृती चौकड्यांत ही पलटी साधारण ९८-९९ अंशांपाशी होते. दोन-तीन अंशांवर सगळा खेळ! अझाइडच्या पुलात तर हे डोळ्यांनी दिसतं: एकाच टोकाच्या नायट्रोजनने दोन्ही निकेल धरले तर फेरोमॅग्नेटिक, दोन टोकांनी दोन धरले तर बहुधा अँटिफेरो.

आणि पूल सरळ असूनही फेरो हवं असेल तर समोर असा धातू ठेवा ज्याचे सुटे इलेक्ट्रॉन वेगळ्याच जातीच्या कक्षकात आहेत. निकेल आणि क्रोमियम थ्री, मध्ये सायनाइड. प्रशियन ब्लूच्या कुळातलं हे सीझियमयुक्त संयुग ९० केल्विनखाली खराखुरा फेरोमॅग्नेट होतं. १९९२ चं काम.

शंकासुर

मग कपलिंग आहे की आकार बदलतोय हे नुसत्या म्यू-तापमान आलेखावरून ओळखायचं कसं? दोन्हीत थंड केल्यावर म्यू पडतंच.

कंपासपेटी

घन नमुना घ्या आणि स्क्विडवर (अतिशय संवेदनशील चुंबकमापकावर) २ केल्विनपर्यंत उतरा. तिथे काय-टी (χT, ससेप्टिबिलिटी गुणिले तापमान) मांडतात. दोन सुट्या इलेक्ट्रॉनांचं एकटं निकेल असेल तर १.० ते १.२ च्या आसपास सपाट रेघ यायला हवी. कमजोर कपलिंग असेल तर रेघ बरीच खाली येईपर्यंत सपाट राहते आणि शेवटी वाकते.

पण इथे निकेलची खोडी आहे. एकटं, कुणाशी न बोलणारं अष्टफलकीय निकेलसुद्धा १०-२० केल्विनखाली वाकतं. चुंबकीय क्षेत्र नसतानाही त्याच्या तीन स्पिन-पातळ्या सारख्या उंचीवर नसतात, काही वेव्हनंबरचा फरक असतो. थंडीत सगळे तळाच्या पातळीवर गोळा होतात आणि चुंबकत्व ओसरतं. हा उतार आणि कमजोर अँटिफेरोचा उतार आलेखात जुळ्या भावांसारखे दिसतात. नुसता एक आलेख जुळवून 'जे (कपलिंगचा जोर) इतकं आणि डी (त्या पातळ्यांमधला फरक) इतकं' असं दोन दशांशांत छापणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. वेगवेगळ्या क्षेत्रांत चुंबकन मोजा, जमलं तर हाय-फील्ड ईपीआर (सुट्या इलेक्ट्रॉनांचा वर्णपट) करा, मग बोला.

थोडं अवांतर: याच दोन सुट्या इलेक्ट्रॉनांपायी निकेलची एक साखळी भौतिकशास्त्रात गाजली. हॉल्डेनने १९८३ मध्ये भाकीत केलं की स्पिन एकच्या अँटिफेरो साखळीत तळाची अवस्था आणि पहिली उत्तेजित अवस्था यांत फट राहील, स्पिन अर्धाच्या साखळीत ती नसेल. अनेकांना पटलं नव्हतं. मग १९८७ मध्ये एक निकेल संकुल पुढे आलं: निकेल, दोन इथिलीनडायअमाइन, नायट्राइटच्या पुलाने ओवलेली साखळी, साखळ्यांच्या मध्ये परक्लोरेट. फट तिथे सापडली. हॉल्डेनला २०१६ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. शीशीतला एक क्षार, बघा.

गाळणीकागद

परक्लोरेट आणि अझाइड हे दोन शब्द इथे इतक्या सहज आले आहेत म्हणून सांगते, ओलागाळ, नवीन लोकांसाठीही: सेंद्रिय लिगंड असलेली धातूंची परक्लोरेटं आणि अझाइडं घासली किंवा तापवली तर फुटू शकतात. चिमटीएवढी करा, पूर्ण कोरडी करू नका, सिंटर्ड गाळणीवर धातूच्या चमच्याने खरवडू नका. शक्य तिथे टेट्राफ्लुओरोबोरेट वापरा. आणि निकेलची संयुगं तशीही हातमोज्याशिवाय हाताळायची नसतात. त्वचेला तर चटकतातच, भुकटी नाकात जाणं त्याहून वाईट.

गुयतराजू

ओलागाळ, तुमच्या तराजूचं कॅलिब्रेशन कशाने केलंत ते विचारायचं राहिलं. ३.३ वर सगळी टक्केवारी उभी आहे.

ओलागाळ

मर्क्युरी टेट्राथायोसायनॅटोकोबाल्टेटने. १६.४४.

गुयतराजू

ठीक. पारा नको असेल तर पुढच्या वेळी निकेलचंच वापरा: ट्रिस-इथिलीनडायअमाइन निकेल थायोसल्फेट, २० अंशांना ११.०४ गुणिले दहाचा उणे सहावा घात, दर ग्रॅमला. तुमच्या नमुन्याला ते जवळचंही पडतं. आणि नळी भरताना भुकटी थोडी-थोडी टाकून प्रत्येक वेळी तेवढ्याच वेळा आपटा. गुय तराजूचा मोठा शत्रू म्हणजे भरण्यातला फरक. मी एकदा तीच भुकटी तीनदा भरली आणि तीन मोमेंट काढले.

ओलागाळ

आठवडाभराने येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. सगळं करून पाहिलं.

तीव्रता निम्मी केली: २.१० चं २.०८. म्हणजे चिकटाचिकटी नाही.

निअर-इन्फ्रारेड: ६८०० च्या आसपास रुंद उंचवटा, ५० अंशांना वाढतो, थंड केला की बसतो, पुन्हा तापवला की पुन्हा उठतो. चार वेळा वर-खाली केलं, फक्त मजा म्हणून.

मग प्रतलभंग यांच्या टक्केवारीवरून समतोल स्थिरांक काढले: उणे २० ला ०.२७, २५ ला ०.६८, ५० ला ०.९९. त्यांचे लॉग तापमानाच्या व्यस्तासमोर मांडले, तीन ठिपके जवळपास एका रेघेत. एन्थाल्पी साधारण साडेबारा किलोज्यूल दर मोलला. सपाट आकार तेवढाच स्वस्त आहे. ५० अंशांना दोघे बरोबरीत, त्यावरून एन्ट्रॉपी ३९ ज्यूलच्या आसपास आली.

गाईडना दाखवलं. त्यांनी आधी काही म्हटलं नाही, मग त्यांच्या कपाटातली जुनी वही काढून स्वतःच हिशेब करायला बसले.

प्रतलभंग

वा! त्या ३९ मधले ९.१ तर निव्वळ स्पिनचे: डायमॅग्नेटिक रेणूला एकच अवस्था, पॅरामॅग्नेटिकला तीन, आर गुणिले लॉग तीन. उरलेलं पिळलेल्या रेणूच्या ढिल्या बंधांचं आणि द्रावकाचं. ठिपके मात्र तीनच आहेत. उणे ४० आणि शून्य अंशांना आणखी दोन घ्या, आणि तापमानाबरोबर क्लोरोफॉर्मची घनता बदलते तिची दुरुस्ती तीव्रतेत धरा. थंडीत द्रावण आकसतं, तीव्रता वाढते.

शंकासुर

उंचवटा पाहून मान्य केलं. शंका विचारल्याबद्दल माफी मागणार नाही.

ओलागाळ

घनतेचं करते. अमाइनची पुढची बाटलीही मागवली आहे, सेकंडरी ब्यूटाइलची.

एक राहिलंच. एनएमआरशेजारचा तो कागद. आमच्या आधीच्या दोन बॅचनीही तोच वापरलाय, त्यांचे आकडे वर्गमूळ दोनने भागून पाहतेय. कागद मी फाडायला निघाले होते.

गुयतराजू

फाडू नका. दोन पायच्या शेजारी पेनाने लिहा: 'इलेक्ट्रोमॅग्नेट असेल तर'. खाली चार पायचं सूत्र लिहा. आणि त्याच्याखाली ती उणे १९२ वाली गोष्टही.